न्यूट्रिशन म्हणजे फक्त डाएट चार्ट नाही हो!

फूड अँड न्यूट्रिशनला आहे म्हटलं की लोक लगेच विचारतात, वजन कमी करायला काय खाऊ? पण इथे बायोकेमिस्ट्री, हिशोब सगळंच असतं, आणि मला सगळ्यात आवडतं ते क्वांटिटी कुकिंग, म्हणजे ४ जणांची आमटी १०० जणांसाठी करायची तर तिखट-मीठ सरळ २५ पट टाकून चालत नाही, अंदाज घेत घालावं लागतं, शिवाय भाजी निवडून किती वाया गेली तेही वजन करायचं. नाचणीत कॅल्शियम तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या जवळपास तिप्पट असतं हे कळल्यापासून घरी आंबील सुरूच केलीये. मला पुढे हॉस्पिटलच्या किचनमध्येच जायचंय, किडनीच्या पेशंटला पोटॅशियम कमी हवं तर बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकायचं, असली कामं मला मनापासून आवडतात.