तुम्ही विचारलंत म्हणून: पेटलेलं पाणी

वीस वर्षं इंग्रजी कविता शिकवतेय आणि वीस वर्षं तोच प्रश्न ऐकतेय, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा: ‘निसर्गाच्या कवितेत भुतं कशाला?’ रोख इंग्रज कवी कोलरिजच्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ या दीर्घकवितेतल्या म्हाताऱ्या खलाशावर. त्याने अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी मारला, दोनशे खलाशी मेले आणि तेच मुडदे उठून दोर ओढू लागले. त्यापेक्षा त्याचा कविमित्र वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची फुलं बरी, म्हणतात.

माझं उत्तर तयार असायचं. १७९८च्या ‘लिरिकल बॅलड्स’ या एकत्र कवितासंग्रहासाठी दोघांनी काम वाटून घेतलं होतं. वर्डस्वर्थने रोजचं जग नव्याने दाखवायचं, कोलरिजने अद्भुत खरं वाटायला लावायचं. १८१७मध्ये कोलरिजनेच हे लिहून ठेवलंय. पण मी त्याचे दोन कप्पे केले आणि वर्गातही तेच शिकवले.

खलाशाच्या कवितेच्या दुसऱ्या भागात समुद्राचं पाणी चेटकिणीच्या तेलासारखं हिरवं, निळं, पांढरं जळतं. ‘ही निव्वळ कल्पना,’ मी म्हटलं. मागच्या बाकावरची, कोळीवाड्यातून येणारी मुलगी उठली. ‘मॅडम, पाणी पेटतं. बाबा रात्री जाळं ओढतात ना, तेव्हा हाताला उजेड लागतो.’ वर्ग हसला. मी म्हणाले, ‘आपण कविता शिकतोय. घरच्या गोष्टी नंतर.’ ती खाली बसली. वर्षभर तिने हात वर केला नाही. मीही तिला कधी विचारलं नाही.

ऐंशी मुलं, परीक्षा तोंडावर, हे सगळं खरं आहे. मला ठाऊक नव्हतं, हेही खरं. पण ठाऊक असतं तर ऐकलं असतं का?

पुढे एका डिसेंबरात देवगडच्या किनाऱ्यावर लाट निळी फुटताना पाहिली. ओल्या वाळूत पाऊल टाकलं की उजेड. पाण्यातले सूक्ष्म जीव धक्का लागला की चमकतात, हे एव्हाना वाचलेलं होतं, तरी अंगावर काटा आला. ही कविता लिहीपर्यंत कोलरिजने समुद्रप्रवास केलेला नव्हता, पण दर्यावर्दींची वर्णनं मन लावून वाचली होती. मी माझ्यासमोर उभ्या असलेल्या मुलीचंही ऐकलं नाही.

म्हणजे भुतं नाहीतच, सगळा निसर्गच? तेही म्हणवत नाही. जहाजाच्या सावलीत पाणसापांच्या मागे सोनेरी ज्वाळा उठतात, खलाशी नकळत त्यांचं भलं चिंततो आणि त्याच्या गळ्यात अडकवलेला मेलेला अल्बट्रॉस गळून पडतो. पाण्याची चमक समजली. तो पक्षी का पडला, ते अजून समजत नाही.