पान अकरावर बंद, पान बारावर उघडा

"मॅडम, व्हॉल्व्ह बंद होता की उघडा?"

सोमवारी सकाळचा पहिला फोन. मी इंग्रजी अहवालांची भाषा तपासते. व्हॉल्व्हशी माझा संबंध कागदापुरता. पलीकडचे इंजिनियर मात्र शांतपणे बोलत होते. "तुम्ही तपासून दिलेल्या अहवालात पान अकरावर तो बंद आहे, पान बारावर उघडा. आमच्या प्रतीत दोन्हीकडे उघडाच होता."

गळतीच्या चौकशीचा तो अहवाल मी शुक्रवारी संध्याकाळी हातावेगळा केला होता. भाषा स्वच्छ होती. फक्त लिहिणाऱ्याला प्रत्येक 'बिकॉज'च्या आधी स्वल्पविराम द्यायची सवय. आता हा नियम मी इतक्यांदा शिकवलाय की झोपेतही सांगेन: गौणवाक्य आधी आलं तर त्यानंतर स्वल्पविराम, प्रधान वाक्य आधी आलं तर मध्ये सहसा नको. 'इफ इट रेन्स, वी स्टॉप', पण 'वी स्टॉप इफ इट रेन्स'. फाइंड लावलं, सदतीस जागा सापडल्या आणि सदतीसही स्वल्पविराम उडवले. 'व्हाइल' आणि 'व्हेन'च्या आधीचेही जाता जाता साफ केले. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

पान अकरा उघडलं. मूळ वाक्य असं होतं: 'द ऑपरेटर डिड नॉट शट द व्हॉल्व्ह, बिकॉज द अलार्म हॅड स्टॉप्ड.' ऑपरेटरने व्हॉल्व्ह बंद केला नाही, कारण अलार्म थांबला होता. त्याला वाटलं, धोका टळला. आता यातला स्वल्पविराम काढून वाचा. 'नॉट' सैल सुटतं. ते 'शट'पाशी थांबेलच असं नाही, 'बिकॉज'च्या पुढचं कारणही त्याच्या तावडीत सापडतं. मग अर्थ होतो: व्हॉल्व्ह बंद केला खरा, पण अलार्म थांबला म्हणून नव्हे, दुसऱ्याच कशामुळे तरी. तसं पाहिलं तर स्वल्पविरामाशिवाय दोन्ही अर्थ निघतात. घटना ज्याच्या डोळ्यांसमोर आहे तो बरोबर तोच अर्थ घेतो. अहवाल वाचणारे इंजिनियरांचे वरिष्ठ मात्र घटनेच्या वेळी तिथे नव्हते. त्यांनी दुसरा घेतला, आणि पान उलटल्यावर ते चक्रावले.

मराठीतही ही खोड आहेच. 'अलार्म थांबला म्हणून त्याने व्हॉल्व्ह बंद केला नाही' हे मोठ्याने म्हणून बघा. 'म्हणून'वर जोर दिला की अर्थ फिरतो. बोलताना आवाज निभावून नेतो. छापील इंग्रजीत तेच काम तो एवढासा स्वल्पविराम करत होता, आणि मी त्याला चूक समजून पुसलं होतं. नकारी वाक्यामागून 'बिकॉज' आलं की थांबून अर्थ बघायचा, हा त्याच नियमाचा पोटनियम. तो मला ठाऊक होता. सदतीस जागा एका दमात पुसताना मी एकही वाक्य वाचलं नव्हतं, एवढंच.

याहून लाजिरवाणं म्हणजे, नवीन आलेल्यांना कॅनडातल्या खांबांची गोष्ट मीच सांगते. रॉजर्स आणि अलायंट या कंपन्यांमधला, खांबांवरून केबल नेण्याचा करार. मुदत पाच वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांची वाढ, आणि मग स्वल्पविराम देऊन 'अनलेस': एक वर्षाची नोटीस देऊन करार संपवला नाही तर. त्या स्वल्पविरामामुळे नोटिशीची सवलत पहिल्या पाच वर्षांनाही लागू होते, असं तिथल्या दूरसंचार नियामकाने २००६ मध्ये ठरवलं. २००७ मध्ये कराराची फ्रेंच प्रत पाहून निर्णय फिरवला. ही गोष्ट मी रंगवून सांगते, अगदी पॉझ घेऊन.

इंजिनियरना म्हटलं, "चूक माझी आहे. वाक्यच बदलून देते, म्हणजे पुन्हा शंका नको. 'बिकॉज द अलार्म हॅड स्टॉप्ड, द ऑपरेटर लेफ्ट द व्हॉल्व्ह ओपन.'" गौणवाक्य आधी, नकार गायब, शंकेला जागाच नाही. मला ते आवडलंही होतं.

"छान आहे," ते म्हणाले, "पण मूळ वाक्यावर समितीच्या सह्या झाल्यात. शब्द बदलता येणार नाहीत. आमचा स्वल्पविराम तेवढा परत द्या."

दिला. मग फोन ठेवून ट्रॅक चेंजेसची, म्हणजे मी केलेल्या बदलांची, यादी उघडली आणि उरलेल्या छत्तीस जागा एकेक करून वाचल्या. त्या ठीक होत्या. 'व्हेन'वालेही ठीक. पान अठ्ठावीसवर मात्र 'व्हाइल' होतं: दिवसपाळीने नोंदी ठेवल्या, तर रात्रपाळीने ठेवल्या नाहीत, असा विरोध दाखवणारं. स्वल्पविराम काढल्यावर ते 'त्याच वेळी'सारखं वाचलं जात होतं.

पुन्हा फोन लावला. "मॅडम," पलीकडून आवाज आला, "आता काय बंद झालं?"