सुतळीची गाठ

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेविषयी चार शब्द' पाठवा, असं पत्र आलं. लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीत बाई आल्या. बाई म्हणजे पी.टी.च्या बाई. आमच्या आगेमागे शिकलेल्या मुलींना नाव सांगायची गरज नाही, आणि नंतरच्यांना सांगून कळणार नाही. चिंचेबद्दल, दगडी जिन्याबद्दल, मराठीच्या सरांबद्दल बाकीच्या मैत्रिणी लिहितीलच. मला आज फक्त बाईंबद्दल लिहायचं आहे.

बाई मूळच्या वऱ्हाडातल्या. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. केलेलं. नोकरीसाठी साताऱ्यात आल्या, पण बोली काही बदलली नाही. पहिल्याच तासाला त्या "चला वं पोट्ट्यांनो" म्हणाल्या आणि अख्खी आठवी 'ब' फिदीफिदी हसली. त्याची शिक्षा म्हणून मैदानाला पाच फेऱ्या. उंची जेमतेम पाच फूट, पांढरे कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी. पर्समध्ये पैसे कमी आणि सामान जास्त: बॉलमध्ये हवा भरायची पिन, टिंक्चर आयोडीन, आणि एक सुतळी. त्या सुतळीला दोन गाठी होत्या. पहिली दहा फुटांवर, म्हणजे रिंगची उंची. दुसरी पंधरा फुटांवर, म्हणजे बोर्डापासून फ्री थ्रोची (फाऊल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची) रेघ. दर शनिवारी आम्ही त्याच सुतळीने मोजून फक्की मारायचो.

बाईंचं वेड एका खेळापुरतं नव्हतं. खो-खो, लंगडी, कबड्डी, सगळं त्या खेळल्या होत्या. पण जीव बास्केटबॉलवर. दहा फूटच का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी गोष्टच सांगितली: 1891 साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी पीचच्या टोपल्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग दहा फुटांवर. "कठडा आठ फुटांवर असता, तर मी कुठल्या कुठं गेली असती!" त्यांच्याकडे पेपरच्या कात्रणांची वही होती. 1976 च्या मॉन्ट्रिऑल ऑलिंपिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा आलं, सुवर्णपदक सोव्हिएत संघाला मिळालं, आणि त्यांच्या संघात सात फुटी सेम्योनोव्हा होती. ते कात्रण दाखवताना त्या म्हणायच्या, "पुरुषांचा खेळ 1936 ला घेतला. चाळीस वर्षं बायकांना बेंचवर बसवलं." एवढं म्हणून वही फटकन मिटायची.

आता मुरमाची गोष्ट. खरं तर हे पान मी तिच्यासाठीच अडवलं आहे.

1983. मी नववीत. घरच्या मैदानावर आमचा हात इतका बसला होता की डोळे मिटून टाकला तरी बॉल आत. कोल्हापूरला स्पर्धेला गेलो आणि एकही बॉल पोचेना. जो तो रिंगच्या पुढच्या कडीवर आपटून परत. चौदा फ्री थ्रो मिळाले, तीन गेले. पहिल्याच सामन्यात घरी. त्यात बॉल सात नंबरचा, म्हणजे मुलांचाच. मुलींचा सहा नंबरचा बॉल यायला 2004 साल उजाडावं लागलं. पण सात नंबरनेच तर आम्ही घरी खेळत होतो, त्यामुळे ती सबब चालणार नव्हती. बाई जाम भडकल्या. "काऊन वं, मनगटात जीव नाही काय?" परतीच्या एस.टी.त कराडपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. मग बाईंनीच पर्समधून सुतळी काढली आणि बराच वेळ ती गाठ बोटांत फिरवत बसल्या.

साताऱ्याला उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. ज्यांचे वडील न्यायला आले त्या गेल्या. माझे आले नव्हते, म्हणून बाई मला घेऊन थेट शाळेत. वॉचमनकाकांची बॅटरी घेतली, काकांनाच स्टुलावर चढवलं, सुतळीचं टोक रिंगला बांधून घेतलं, खाली ओळंब्यासारखा दगड लटकवला. गाठ जमिनीला टेकून वर सुतळी लोंबत राहिली. आमची रिंग साडेपाच इंच खाली होती.

रिंग खचली नव्हती, जमीन वर आली होती. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ट्रॅक्टरभर मुरूम पडायचा, पाणी मारून धुमसाने ठोकायचा. खांब काँक्रीटमध्ये पक्का. वर्षाला अर्धा-पाऊण इंच, हे डोळ्यांना कुठून दिसणार? आणि बाई मोजायच्या त्या रेघा. खांब रोवल्यापासून रिंग पुन्हा मोजलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर बाई म्हणाल्या, "पोरींची चूक नव्हती. मी मोजलं नाही." शिक्षकाने मुलींसमोर असं म्हणणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतरही फारसं ऐकलं नाही, साहेब लोकांच्या तोंडून तर नाहीच.

मग त्यांनी घाई केली, हेही लिहायला हवं. टिकाव-घमेली मागवून तीन दिवस आमच्याकडून रिंगखालचा मुरूम उकरून घेतला. पहिल्या पावसात तिथं तळं झालं. बेडूक आले. मुख्याध्यापिकाबाईंनी काय ऐकवलं ते इथे छापता येणार नाही. शेवटी खड्डा बुजवला आणि वेल्डरला बोलावून रिंगच वर चढवली. पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो असं लिहायला आवडलं असतं. उपांत्य फेरीत हरलो. पण फ्री थ्रो अकरापैकी आठ गेले.

मी पुढे स्थापत्य अभियंता झाले, पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी एकच सांगायची: आधी बेंचमार्क, म्हणजे ज्यापासून उंची मोजायची ती खूण तपासा, मग लेव्हल लावा. ते शिकवलं होतं पी.टी.च्या तासानं, कॉलेजनं नव्हे.

बाई आता अमरावतीला असतात. वय ब्याऐंशी. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. फिजिओथेरपीवाली हात वर करा म्हणाली की या मोज्याचा बोळा करून कपड्यांच्या टोपलीत टाकतात, आणि नेम चुकला तर तिलाच आणायला लावतात. मोबाइलवर सामने बघतात. 2017 साली बंगळूरला आपल्या मुलींनी कझाकस्तानला 75-73 असं हरवलं आणि आशियातल्या वरच्या गटात गेल्या, तेव्हा त्यांनी मला रात्री फोन केला होता. पुण्याची शिरीन लिमये पुढे कर्णधार झाली, तर जणू आमच्याच शाळेची! आणि तीन गुणांची रेघ 1984 नंतर आली याचं दुःख त्यांना अजून आहे. "तुझ्यासारखीले लांबून दोनच गुण भेटले वं."

पत्र आल्यावर मी शाळेत जाऊन आले. नवी इमारत छान आहे, संगणक कक्ष तर फारच छान. मैदानाच्या त्या भागात पेव्हर ब्लॉक बसवलेत, दुचाकी लागतात. खांब एकच उरला आहे, त्याला भोंगा टांगलाय. बोर्ड नाही, रिंग नाही. रिंगच्या नटबोल्टांची भोकं तेवढी आहेत. माझ्याजवळ टेप होता. सवयीनं मोजलं. नऊ फूट दोन इंच.

त्या रात्री फोनवर बाईंनी विचारलंच, "रिंग किती फुटावर आहे आता?"

खोटं बोलणार होते. नाही बोलवलं. रिंग नाही, ब्लॉक बसवलेत, भोकापर्यंत नऊ फूट दोन इंच भरतात, असं सगळं सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, "दहा इंच? मग खोदा ना वं. पावसाच्या आत."