सापडलं का हो कारण?

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी आधी ‘प्रयोगशाळेत असते’ एवढ्यावर भागवते. पुढे विचारलंच तर ‘मेंदूवर काम करते’. त्याच्याही पुढे कुणी गेलं, तर सांगावंच लागतं की दान म्हणून आलेल्या मेंदूंचे उणे ८० अंशांत गोठवलेले तुकडे आमच्याकडे असतात. निम्मे स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशय घडवणारा मनोविकार, असलेल्यांचे, निम्मे नसलेल्यांचे. दोन्हींतले रेणू मोजायचे आणि फरक शोधायचा, हे माझं काम. ऐकणारा क्षणभर गप्प होतो. मग ठरलेला प्रश्न येतो : ‘मग सापडलं का हो कारण?’

इतकी वर्षं झाली, तरी याचं एक उत्तर मला बसवता आलेलं नाही, कारण विचारणारे वेगवेगळे असतात. विद्यार्थ्याला जनुकाचं नाव हवं असतं. बातमीदाराला मथळा. आणि व्याख्यान संपल्यावर सगळे पांगेपर्यंत खुर्चीत बसून राहणारी एक बाई असते, बहुतेक वेळा कुणाची तरी आई. तिला डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाशी काही देणंघेणं नसतं. ‘माझं काही चुकलं का?’ हे तिला विचारायचं असतं. ते विचारवत नाही, म्हणून ती कारण विचारते.

तर तुम्ही विचारलंत म्हणून, तिला सांगावं तसं सांगते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एमिल क्रेपेलिन आणि अलॉइस अल्झायमर हे दोघं म्युनिकला एकाच ठिकाणी काम करत होते. क्रेपेलिनने या आजाराला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ अशा अर्थाचं नाव दिलेलं होतं; स्किझोफ्रेनिया हा शब्द ऑइगेन ब्लॉइलरने १९०८ मध्ये आणला. अल्झायमरने १९०६ मध्ये एका वारलेल्या बाईच्या मेंदूतले साचलेल्या प्रथिनांचे पुंजके आणि तंतूंचे गुंतवळ दाखवले आणि त्याचं नाव त्या आजाराला कायमचं चिकटलं. स्किझोफ्रेनियाच्या मेंदूत मात्र सूक्ष्मदर्शकाखाली तसं ठसठशीत काही दिसेना. पिढ्यान् पिढ्या लोक बघत राहिले. १९७२ मध्ये फ्रेड प्लम या मज्जातज्ज्ञाने वैतागून लिहिलं, की हा आजार म्हणजे मेंदूची विकृती शोधणाऱ्यांचं स्मशान आहे.

मेंदूत काही दिसेना, तेव्हा बोट घराकडे वळलं. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ अशी कल्पना मांडली. तुसडी, हुकमत गाजवणारी आई मुलाला आजारी पाडते, असं पुढची दोन-तीन दशकं डॉक्टर आयांच्या तोंडावर सांगत होते. त्याला पुरावा नव्हता. चुकीची रसायनंही आम्ही पुष्कळ शोधली. १९६२ मध्ये रुग्णांच्या लघवीच्या चाचणीत एक गुलाबी ठिपका सापडला म्हणून केवढा गाजावाजा झाला होता! पुढे त्याचा संबंध आजारापेक्षा खाण्यापिण्याशीच जास्त निघाला. पण गुलाबी ठिपक्याने कुणाची झोप उडाली नाही. आईच्या कल्पनेने ती उडवली, आणि अजून उडवते आहे. म्हणून तर ती बाई खुर्चीत बसून राहते.

डोपामिनचं तुम्ही ऐकलं असेल. तिथे औषध आधी आलं. १९५२ मध्ये पॅरिसला झाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमॅझिन वापरून पाहिलं आणि वर्षानुवर्षं आवाज ऐकणारी, कोपऱ्यात बसलेली माणसं बोलायला लागली. ते का चालतं, याचा पहिला धागा आर्विड कार्लसन यांनी १९६३ मध्ये पकडला. मग १९७०च्या दशकात दिसलं, की जे औषध मेंदूतल्या डी-२ या डोपामिन-ग्राहकाला, म्हणजे पेशीवरच्या डोपामिन टिपणाऱ्या प्रथिनाला, जितकं घट्ट चिकटतं, तितका त्याचा डोस कमी पुरतो. हिशेब इतका चोख जुळला, की डोपामिन हेच कारण असं वाटणं साहजिक होतं. पुढे जिवंत माणसांच्या मेंदूच्या चित्रणातही काही भागांत डोपामिन जास्त सुटताना दिसलं, म्हणजे ते खोटं नाही. पण ही औषधं भास आणि संशय उतरवतात. मन लागत नाही, बोलावंसं वाटत नाही, लक्षात राहत नाही, याला ती फारशी पुरी पडत नाहीत. डोपामिन हा पूर आहे. पाऊस वर कुठेतरी पडलेला असतो.

आता माझ्या टेबलाकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे.

गोठलेल्या तुकड्याचे केसासारखे पातळ काप काढायचे, त्यातून आरएनए, म्हणजे चालू जनुकाची पेशीत निघणारी नक्कल, वेगळा करायचा, कोणतं जनुक किती बोलत होतं ते मोजायचं. ऐकायला सरळ वाटतं. पण आरएनए नाजूक. मृत्यूनंतर मेंदू गोठवायला किती तास गेले, यावर तो किती टिकला ते ठरतं. माणूस झटक्यात गेला की आठवडाभर झुंजून गेला, यावर ऊतीची आम्लता बदलते आणि तिच्याबरोबर शेकडो जनुकांचे आकडे बदलतात. सिगारेट, वय, वर्षानुवर्षांच्या गोळ्या, सगळ्यांचे ठसे त्याच तुकड्यावर. माकडांना दीड-दोन वर्षं या आजाराची औषधं दिली, तर निरोगी माकडांच्याही मेंदूचं वजन आठ ते अकरा टक्के कमी भरलं, असं २००५ मध्ये दिसलं. (हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नका, हात जोडून सांगते. गोळ्या सोडल्यावर आजार उलटतो तेव्हा काय होतं, ते शुभंकरांना, म्हणजे रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्यांना विचारा.)

मी स्वतः यात तोंडावर आपटले आहे. उमेदवारीच्या काळात मला एक प्रथिन रुग्णांच्या मेंदूत स्पष्ट कमी दिसलं. एकदा नाही, तीनदा. तीन महिने मी तरंगत होते. मग एका वरिष्ठ बाईंनी तक्ता हातात घेऊन विचारलं, ‘ही तुलनेची माणसं कशाने गेली गं?’ अपघात, हृदयविकाराचा झटका, अपघात. आणि रुग्ण? न्यूमोनिया, न्यूमोनिया, अनेक दिवस बेशुद्ध. आम्लता हिशेबात धरली आणि माझा शोध विरघळून गेला. मी तीन महिने आजार मोजत नव्हते, मरणाची तऱ्हा मोजत होते.

तेव्हापासून कुठलाही फरक दिसला की आधी मनात येतं : हे आजाराचं कारण, की आजाराचा परिणाम, की उपचाराचा? मेंदूकडे नुसतं बघून हे कळत नाही. घर जळून गेल्यावर राखेत काडेपेटी सापडली, तरी ती स्वयंपाकघरातलीच असू शकते.

म्हणूनच सगळं क्षेत्र जनुकांकडे वळलं. जन्मतः मिळालेलं जनुक आजाराच्या आधीचं असतं. गोळ्यांनी, सिगारेटने, मरणाने ते बदलत नाही. या आजाराची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के धरतात. हा आकडा ऐकून आया दचकतात, म्हणून लगेच दुसरा सांगते : तंतोतंत सारखी जनुकं असलेल्या जुळ्यांत एकाला आजार असला, तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी. म्हणजे जनुकं पलीकडे ढकलतात, पण ढकलतीलच असं नाही. गर्भातली उपासमार, कोवळ्या वयातला भरमसाट गांजा, अशाही गोष्टी वजन टाकतात.

आधी वाटलं होतं एखाद-दुसरं जनुक सापडेल. २०१४ मध्ये जवळजवळ ३७,००० रुग्णांच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा धोका वाढवणाऱ्या १०८ जागा हाती आल्या. २०२२ मध्ये ७६,००० हून जास्त रुग्ण तपासल्यावर २८७. यातली एकेक जागा धोका जेमतेम चिमूटभर वाढवते. त्यातल्या कित्येक तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. मोठा धक्का देणारे बदलही आहेत, पण विरळा : बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असला, तर साधारण चौघांतल्या एकाला हा आजार होतो. २०२२ मध्येच अशी आणखी दहा जनुकं पक्की झाली. त्यातलं एक ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या ‘एनएमडीए’ ग्राहकाचा भाग बनवतं, आणि इथे माझे कान टवकारतात. कारण केटामीन हे भुलीचं औषध हाच ग्राहक अडवतं आणि निरोगी माणसालाही काही काळ भास घडवतं. शिवाय २००७ मध्ये जोसेप डाल्माउ यांनी असा एक मेंदूदाह वर्णन केला, ज्यात शरीरच या ग्राहकावर हल्ला करतं; त्यातले बरेच रुग्ण आधी मनोविकारतज्ज्ञाकडे पोचतात. तीन वेगळ्या वाटा एकाच दारात येतात, तेव्हा पाणी कुठे मुरतंय याचा थोडा अंदाज येतो.

२०१६ मध्ये ‘सी-४’ नावाच्या जनुकाची बातमी आली. त्याचं ओळखीचं काम प्रतिकारशक्तीचं : नको असलेल्या जंतूंवर खूण करायची. मेंदूत असाच एक प्रकार चेतापेशींच्या जोडांवर, म्हणजे सिनॅप्सवर चालतो. खूण झालेले जोड मायक्रोग्लिया या पेशी खाऊन टाकतात. वयात येताना जोडांची अशी छाटणी सगळ्यांचीच होते. ज्यांच्यात सी-४ची एक जात जास्त बनते, त्यांची छाटणी प्रमाणाबाहेर जात असावी, हा तर्क. आजार बहुधा सोळा ते तिशीच्या दरम्यानच का दिसू लागतो, याला तो छान जुळतो. मलाही फार आवडला. पण ‘कारण सापडलं’ असे मथळे आले, तेव्हा कुणी हे सांगितलं नाही, की सी-४मुळे धोका सव्वापटीच्या आसपासच वाढतो.

माझा स्वतःचा कल २०२४च्या एका कामाकडे आहे. १९१ मेंदूंतल्या पेशी एकेक करून वाचल्या, तेव्हा दिसलं की चेतापेशी आणि त्यांना सांभाळणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी जोड राखण्याची जनुकं एकमेकींच्या तालावर कमी-जास्त करतात. स्किझोफ्रेनियात हा ताल दोघींत एकदम मंदावतो. म्हातारपणीही मंदावतो. आणि त्यात सामील असलेल्या जनुकांत, आजाराच्या धोक्याशी जोडलेली जनुकं अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. राख आणि ठिणगी जवळजवळ एकाच जागी सापडल्यासारखं हे आहे. जवळजवळच.

दरम्यान, डी-२ला थेट हात न लावणारं स्किझोफ्रेनियाचं पहिलं औषध २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यातलं झॅनोमेलिन हे मुख्य रसायन नव्वदच्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं होतं. तेव्हा काही रुग्णांचे भास कमी झालेले दिसले. म्हणजे या खेपेलाही औषध कारणाच्या आधीच हजर. आम्ही रेणू मोजणारे यावर जरा ओशाळं हसतो.

मागे एका व्याख्यानानंतर बसून राहिलेल्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. तुमच्या वागण्याने मुलाला हे झालं नाही, असं स्पष्ट सांगितलं. जनुकांचे पत्ते पिसले जातात, निम्मे तुमचे, निम्मे वडिलांचे, वाटणी तुमच्या हातात नव्हती. आणि बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतोच. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘तुम्हाला निरोगी मेंदूही लागतात म्हणालात ना. माझा चालेल?’

नियमाने तुलनेच्या गटात आम्ही रुग्णाचे जवळचे नातलग सहसा घेत नाही, आणि तेच सांगायला मी तोंड उघडलं. पण मग लक्षात आलं : यांच्यात मुलाची निम्मी जनुकं आहेत. आजार नाही. एकही गोळी कधी घेतलेली नाही.

‘चालेल,’ मी म्हटलं, ‘वेगळ्या खणात ठेवू.’

त्यांनी पर्स उघडून चष्मा काढला आणि विचारलं, ‘फॉर्म आत्ताच भरता येईल का?’