शस्त्रक्रियेतील ऑगमेंटेड रिॲलिटी आणि रेषेची जाडी

ऑपरेशनच्या टेबलावर असलेल्या रुग्णाच्या शरीरावरच त्याच्या सीटी स्कॅनमधून तयार केलेले त्रिमितीय चित्र दिसावे, आणि गाठ कुठे आहे, रक्तवाहिनी कोणत्या बाजूने जाते, हाड किती खोलवर आहे हे सर्जनला कापण्यापूर्वीच कळावे, ही ऑगमेंटेड रिॲलिटीमागची कल्पना आहे. या तंत्राचे कौतुक करताना त्याला बहुधा ‘क्ष-किरणांची दृष्टी’ म्हटले जाते. हे वर्णन मला खटकते. क्ष-किरण खरोखरच शरीरातून आरपार जातात. सर्जनने घातलेल्या खास चष्म्यात दिसणारे चित्र मात्र बहुतेक वेळा आधी घेतलेल्या प्रतिमेवरून संगणकाने मांडलेला अंदाज असतो. तो अंदाज पुष्कळदा उत्तम असतो, परंतु किती उत्तम आहे हे चित्राकडे पाहून ओळखता येत नाही, आणि माझ्या मते या तंत्राची खरी अडचण तीच आहे.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील डार्टमथ येथील न्यूरोसर्जन डेव्हिड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली सीटी स्कॅनमधील माहिती थेट ऑपरेटिंग मायक्रोस्कोपच्या दृश्यात आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९९२ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी डोक्यावर चढवलेल्या पडद्यातून सोनोग्राफीचे चित्र गर्भवती स्त्रीच्या पोटावर, त्याच्या मूळ जागी दाखवून पाहिले. त्यानंतर पडदे हलके झाले आणि संगणक वेगवान झाले, पण त्या प्रयोगांपुढे उभा असलेला मुख्य प्रश्न आजही तोच आहे: चित्र नेमके कुठे बसवायचे?

या बसवण्याला ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. रुग्णाच्या शरीरावरील काही ठरावीक खुणा टोकदार उपकरणाने एकेक करून स्पर्शिल्या जातात, किंवा हाडाचा पृष्ठभाग मोजून तो स्कॅनमधील पृष्ठभागाशी जुळवला जातो. हाडाला आणि उपकरणांना परावर्तक गोळ्या लावलेल्या असतात. अवरक्त प्रकाशात काम करणारे कॅमेरे त्या गोळ्यांवर सतत नजर ठेवतात आणि त्यावरून संगणक प्रत्येक वस्तूची जागा काढतो. या साखळीतील प्रत्येक कडीत थोडी चूक शिरते. दिशेत एका अंशाचा फरक पडला, तर १० सेंटीमीटर खोलीवर तो सुमारे १.७ मिलिमीटर होतो. सर्जनने डोके सेकंदाला २० सेंटीमीटर वेगाने हलवले आणि चित्र ५० मिलिसेकंद मागे राहिले, तर तेवढ्या क्षणापुरते ते एक सेंटीमीटर सरकलेले दिसते.

जुळवणी झाल्यावर चूक किती राहिली याचा एक आकडा यंत्र पडद्यावर दाखवते आणि तो लहान असला की सगळ्यांना हायसे वाटते. मात्र हा आकडा स्पर्श केलेल्या खुणा आपापसांत किती नीट जुळल्या एवढेच सांगतो. सर्जनला हवी असते ती खोलवरच्या लक्ष्याजवळची चूक, आणि ती थेट मोजताच येत नाही. संशोधक जे. मायकेल फिट्झपॅट्रिक यांनी २००९ साली गणिताने दाखवून दिले की या दोन चुकांमध्ये सहसंबंध नसतो. खुणांवरचा आकडा लहान आला म्हणून लक्ष्यावरची चूकही त्या वेळी लहानच असेल असे मानता येत नाही. या क्षेत्रातील इतका महत्त्वाचा निष्कर्ष सर्वसाधारण चर्चेत क्वचितच येतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत हे तंत्र चांगले रुजले यामागे साधे कारण आहे: हाड वाकत नाही. मणक्याच्या पेडिकल या अरुंद हाडात स्क्रू बसवताना आतल्या बाजूला मज्जारज्जू किंवा मज्जातंतू असतात, त्यामुळे काही मिलिमीटरचा फरकही महागात पडू शकतो. ऑगमेडिक्स कंपनीच्या एक्सव्हिजन या चष्म्याच्या प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली, आणि जून २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे तिच्या मदतीने एका रुग्णाच्या कण्यात सहा स्क्रू बसवण्यात आले. इथे लाभ केवळ अचूकतेचा नाही. जुन्या नॅव्हिगेशनमध्ये, म्हणजे उपकरणाची जागा पडद्यावर दाखवणाऱ्या पद्धतीत, सर्जनला रुग्णावरून नजर काढून बाजूच्या पडद्याकडे पाहावे लागते. चष्म्यामुळे हात आणि चित्र एकाच दृष्टिक्षेपात राहतात. तरीही कण्याचे मणके एकमेकांच्या संदर्भात हलतात, आणि ज्या मणक्याला परावर्तक गोळ्यांची संदर्भ-चौकट अडकवलेली असते त्यापासून दूर गेल्यावर चित्रावरचा विश्वास कमी करावा लागतो.

मऊ अवयवांची गोष्ट मुळातच वेगळी आहे. कवटी उघडून मेंदूवरील आवरण कापले की द्रव बाहेर पडतो, मेंदू गुरुत्वाकर्षणाने खाली बसतो किंवा सुजून वर येतो, आणि हे सरकणे एक सेंटीमीटरच्याही पुढे जाऊ शकते. सकाळच्या एमआरआयमध्ये दिसलेली गाठ दुपारी त्या जागी नसते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरल्याने यकृताचा आकार बदलतो, श्वासाबरोबर ते वरखाली होते, आणि सर्जन स्वतःच ते उचलून बाजूला करतो. यावर उपाय म्हणून शस्त्रक्रियेदरम्यान पुन्हा सोनोग्राफी किंवा एमआरआय केला जातो, किंवा अवयव कसा वाकला असेल याचे गणित मांडले जाते. पहिला उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात नवे मोजमाप असते. याच कारणासाठी इंडोसायनिन ग्रीन या रंगद्रव्याची पद्धत मला शिकण्यासारखी वाटते: ते शिरेतून दिल्यावर यकृतातून पित्तात उतरते आणि योग्य प्रकाशात पित्तनलिका स्वतःच चमकू लागते. खूण ऊतीतूनच येत असल्याने जुळवणीचा प्रश्नच उरत नाही; अर्थात हा प्रकाश फार खोलवरून वर येत नाही.

डोळ्यांचीही एक मर्यादा आहे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या चष्म्यातील चित्र स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यांना कायम सुमारे २ मीटर अंतरावर नजर स्थिरावावी लागते, तर सर्जनचे हात त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर काम करतात, म्हणून सुरीचे टोक आणि चित्रातील रेषा एकाच वेळी सारख्याच स्पष्ट दिसत नाहीत. शिवाय शरीराच्या आतली गाठ त्वचेवर रेखली की ती त्वचेच्या वर तरंगत असल्यासारखी भासते. त्वचेला खिडकी पाडल्याचा आभास निर्माण करून संशोधक हा भास कमी करू पाहतात. (होलोलेन्स २ चे उत्पादन थांबवल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केले, शस्त्रक्रियेची साधने सर्वसाधारण बाजारासाठी घडवलेल्या उपकरणांवर उभारण्याचा हा एक धोका आहे.)

लक्ष विचलित होण्याचा मुद्दा मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्जननी मृतदेहावर एंडोस्कोपीचे काम केले. ज्यांना दृश्यावर मार्गदर्शक रेषा दिसत होत्या ते लक्ष्यापर्यंत अधिक अचूक पोहोचले, परंतु दृश्यात मुद्दाम ठेवलेली गंभीर गुंतागुंत त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या लक्षात आली. ठळक रेषा लक्ष खेचून घेते, आणि ती चुकीच्या जागी असली तरी तितक्याच जोराने खेचते.

म्हणून माझे मत असे आहे की चित्रातील रेषा तिच्या चुकीइतकी जाड असावी. जुळवणीनंतर लक्ष्याजवळ २ मिलिमीटरची चूक अपेक्षित असेल, तर गाठीची कडा तेवढ्या रुंदीच्या फिकट पट्ट्याने दाखवावी. मेंदूचे आवरण उघडल्यानंतर नवे मोजमाप झाले नसेल, तर तो पट्टा वाढत जावा. आणि एका मर्यादेपलीकडे चित्र आपोआप नाहीसे व्हावे. त्यासाठी चूक किती असेल याचा अंदाज बांधण्याची गणिते उपलब्ध आहेत, फक्त ती चूक दाखवल्याने यंत्र कमी देखणे दिसते. यावर असा आक्षेप घेता येईल की सुरी एकाच रेषेवरून चालते, आणि धूसर पट्टा समोर ठेवून आपण सर्जनवर निर्णयाचे जादा ओझे टाकतो. हे ओझे आजही त्याच्यावर आहेच. बारीक, ठळक रेषा दाखवणारे यंत्र ते फक्त त्याच्यापासून लपवते.