चिंगीसाठी डॉक्टरांचे पत्र : माझा अनुभव

पुण्यात कोथरूडमधील आमच्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू झाला आणि इमारत पुन्हा उभी राहीपर्यंत मला कर्वेनगरमध्ये भाड्याच्या घरात राहायला यावे लागले. सोबत चिंगी होती. चिंगी म्हणजे आईने म्हात्रे पुलाजवळून उचलून आणलेली गावठी कुत्री. ती आता सात वर्षांची आहे. आई गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. नव्या घरी सामान पुरते लागलेही नव्हते, तोच सोसायटीची नोटीस माझ्या दाराला चिकटवलेली दिसली. भाडेकरूंना पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत आणि ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी पंधरा दिवसांत त्यांची अन्यत्र व्यवस्था करावी, असे तिच्यात लिहिले होते.

चिंगीला अन्यत्र ठेवणे मला का शक्य नव्हते, हे सांगायचे तर थोडे खासगी लिहावे लागेल. आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यापासून मला रात्री अडीच-तीनच्या सुमारास अचानक जाग येऊ लागली. छातीत धडधड, हातापायांना घाम, श्वास पुरत नाही असे वाटणे आणि आपण आता मरणार ही खात्री, असे ते दहा-पंधरा मिनिटे चाले. चिंगी पलंगावर चढत नाही. आईने तिला तसे वळण लावले होते. पण माझा श्वास बदलला की ती आपल्या गोधडीवरून उठते, पलंगाच्या कडेशी येते, माझ्या डाव्या मनगटावर हनुवटी टेकवते आणि तशीच उभी राहते. तिचा उबदार, संथ श्वास तळहाताला लागत राहतो. मी तो मोजू लागते आणि मोजता मोजता माझाही श्वास त्या लयीवर येतो. हे तिला कोणी शिकवलेले नाही.

नोटीस आली त्या रात्री मी इंटरनेटवर शोधले आणि 'इमोशनल सपोर्ट ॲनिमल', म्हणजे भावनिक आधार देणारा प्राणी, हा शब्दप्रयोग मला प्रथमच भेटला. एका संकेतस्थळावर प्रश्नांची यादी भरून पैसे भरले की चोवीस तासांत डॉक्टरांचे पत्र मिळेल असे आश्वासन होते. घाबरलेल्या माणसाला चोवीस तास हा शब्द फार मोठा वाटतो. मी पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी पत्र आलेही. त्यात चिंगीचे नाव होते, माझे नाव होते, सोनेरी रंगाचा एक शिक्का होता आणि 'फेअर हाउसिंग ॲक्ट'नुसार हा प्राणी घरात ठेवू देणे बंधनकारक आहे असे वाक्य होते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते पत्र दोनदा वाचले आणि मला शांतपणे विचारले, "ताई, हा कायदा कुठला? आणि या डॉक्टरांनी तुम्हाला कधी तपासले?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नव्हती. त्यांनी पत्र परत केले.

पुढे मी वाचले ते असे. फेअर हाउसिंग ॲक्ट हा अमेरिकेचा १९६८ सालचा कायदा आहे. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात अपंगत्वाचा समावेश झाला, आणि अपंगत्व असलेल्या व्यक्तीला आधार देणाऱ्या प्राण्यासाठी घरमालकाने नियमात वाजवी सवलत द्यावी, ही तिथली तरतूद त्यातून आली. या पत्रांना तिथे जे वजन आहे ते या कायद्यामुळे आहे. भारतात त्याचा काहीही संबंध येत नाही. तिथेही पैसे घेऊन पत्रे वाटण्याचा त्रास इतका झाला, की कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२२ पासून कुत्र्यासाठी असे पत्र देण्यापूर्वी डॉक्टर आणि रुग्ण यांचा किमान ३० दिवसांचा संबंध असला पाहिजे, असा नियम केला. आपल्याकडे या प्राण्यांची वेगळी कायदेशीर वर्गवारी नाही, त्यांची सरकारी नोंदवही नाही आणि म्हणून त्यांचे 'प्रमाणपत्र' विकणाऱ्या कोणाच्याही कागदाला अर्थ नाही. माझ्यासारखे घाईला आलेले कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी कृपया तिकडे पैसे भरू नयेत.

त्यानंतर मी डेक्कनजवळच्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. पहिल्या भेटीत मी खुर्चीवर बसताच पत्र मागितले. त्यांनी मला थांबवले नाही, सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "तुम्हाला मी आज पहिल्यांदा पाहते आहे. तुमच्याविषयी मला जे ठाऊक नाही, ते मी सही करून कसे लिहू? आधी तुम्हाला काय होते आहे ते आपण बघू." मला त्या क्षणी रडू आले, कारण पंधरा दिवसांपैकी नऊ दिवस संपले होते. डॉक्टरांनी तेवढ्यापुरता एक मार्ग सुचवला. माझ्यावर उपचार सुरू झाले असून वैद्यकीय मताची प्रतीक्षा आहे, एवढेच लिहून मी सोसायटीकडे मुदतवाढ मागावी. मी तसा अर्ज दिला, पोच घेतली आणि मला सहा आठवडे मिळाले. लेखी अर्ज आणि त्याची पोच यांचे मोल मला जमाखर्चाच्या नोकरीमुळे ठाऊक होते. इथे ते कामी आले.

त्या सहा आठवड्यांत पत्राचा विषय जवळजवळ निघालाच नाही. धडधडीमागे शारीरिक कारण नाही ना हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी आधी ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन या तपासण्या करून घेतल्या. थायरॉइड हार्मोनची पातळी वाढल्यानेही अशीच लक्षणे दिसू शकतात, हे मला माहीत नव्हते. तपासण्या ठीक आल्या. मग 'गॅड-७' नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली झाली. तिच्यात शून्य ते एकवीस गुण असतात आणि पंधरा किंवा त्याहून अधिक गुण आले तर चिंता तीव्र मानतात. माझे सोळा आले. गोळी सुरू झाली, तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मधेच ती आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावून सांगितले. दर आठवड्याला समुपदेशन होते. तिथे झटक्यांची वही ठेवायला सांगितली : वेळ, आधी काय घडले, किती मिनिटे, काय केल्याने उतार पडला. शेवटच्या रकान्यात मी पुन्हा पुन्हा 'चिंगी' असे लिहीत होते. चौथ्या आठवड्यात वही चाळताना डॉक्टरांनी त्या रकान्यावर पेन्सिल ठेवली आणि चिंगीबद्दल पहिला प्रश्न विचारला, "ती नसते तेव्हा काय होते?" मी एका रात्रीची नोंद दाखवली. त्या रात्री चिंगी नसबंदीनंतरच्या टाक्यांच्या गुंतागुंतीमुळे पशुवैद्यांकडे होती आणि झटका चाळीस मिनिटे टिकला होता. त्यांनी ते आपल्या कागदावर लिहून घेतले.

पाचव्या भेटीत त्यांनी स्वतःहून सांगितले की आता पत्र लिहिता येईल. आधी त्यांनी माझ्याकडून लेखी संमती घेतली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार मानसिक आजार आणि त्यावरील उपचार यांबाबत गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, त्यामुळे सोसायटीला काय कळावे हे मी ठरवायचे, असे त्या म्हणाल्या. आम्ही आजाराचे नाव न लिहिण्याचे ठरवले. पत्रात माझे नाव व वय, अमुक तारखेपासून मी त्यांच्या उपचाराखाली आहे हे विधान, घरातील कुत्रीच्या सहवासाचा माझ्या प्रकृतीला प्रत्यक्ष उपयोग होत असल्याचे त्यांनी नोंदींवरून पाहिले आहे हे मत, आणि या काळात तिची ताटातूट झाल्यास प्रकृती बिघडण्याची शक्यता आहे हा इशारा, एवढेच होते. पत्र सहा महिन्यांसाठी होते. शेवटी त्यांनी एक ओळ मुद्दाम घातली : हे पत्र रुग्णाच्या प्रकृतीविषयी आहे, प्राण्याच्या स्वभावाविषयी किंवा आरोग्याविषयी नाही. त्यासाठी पशुवैद्यांचा दाखला वेगळा घ्यावा, असे त्यांनी मला तोंडी सांगितले. मला ती ओळ आधी आपल्या विरुद्ध जाणारी वाटली होती. प्रत्यक्षात सोसायटीच्या समितीचा विश्वास बसला तो त्याच ओळीमुळे.

सही करण्यापूर्वी त्यांनी माझी एखादी ओळखीची खूण विचारली. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखला देताना रुग्णाची ओळखखूण लिहायची, दाखल्याची प्रत ठेवायची आणि नोंदवहीत नोंद करायची असते. मी बाही वर केली. त्यांनी जवळून पाहिले आणि लिहिले : डाव्या मनगटावर आतल्या बाजूस भाजल्याचा जुना व्रण. लहानपणी स्टोव्हमुळे झालेली ती खूण मी वर्षानुवर्षे घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकत आले आहे. चिंगी रात्री हनुवटी टेकवते ती बरोबर तिथेच. डॉक्टरांना मी ते सांगितले. त्या क्षणभर थांबल्या, मग त्यांनी सही केली आणि सहीखाली महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी क्रमांकाचा शिक्का मारला. विकत घेतलेल्या पत्रावर असा नोंदणी क्रमांकच नव्हता.

समितीच्या बैठकीला जाताना मी चार कागद नेले : डॉक्टरांचे पत्र, पशुवैद्यांचा आरोग्य दाखला, रेबीजच्या लसीची नोंद असलेली चिंगीची पुस्तिका आणि पुणे महापालिकेचा श्वान परवाना. पाचवा कागद होता भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांची प्रत. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही आणि बहुमताने ठराव केला तरी तो येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. उद्वाहनाच्या, म्हणजे लिफ्टच्या, वापरास मज्जाव करता येत नाही, हेही आहे. माझ्या मते नोटीस मागे घ्यायला हा पाचवा कागद पुरेसा होता आणि त्यासाठी कोणालाही मनोविकारतज्ज्ञाकडे जावे लागू नये. ज्यांना आजार नाही, त्यांनी केवळ कुत्रा ठेवण्यासाठी आजाराचे पत्र मागू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. त्याने डॉक्टर अडचणीत येतात आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्या पत्रावरचा विश्वास कमी होतो.

बैठकीत सेक्रेटरींनी बाकीचे चारही कागद वाचून दाखवले. वैद्यकीय पत्र मात्र त्यांनी मोठ्याने वाचले नाही. शेजारच्या सभासदाकडे सरकवले आणि तिथून ते माझ्याकडे परत आले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. अडचण निघाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची. लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता आणि पोटात घेतलेली इंजेक्शने त्यांना आजही आठवतात. आजी हात जोडून म्हणाल्या, "मला तुमच्या कुत्रीचा राग नाही गं, मला लिफ्टमध्ये जीव गुदमरल्यासारखं होतं." ते ऐकताना मला माझीच रात्र आठवली. मार्गदर्शक सूचना माझ्या बाजूने होत्या, तरी मी तिथेच सांगितले की आजी लिफ्टमध्ये असतील तेव्हा मी चिंगीला जिन्याने नेईन आणि इमारतीच्या आवारात तिचा पट्टा कधीही सोडणार नाही. ते इतिवृत्तात नोंदवले गेले. नोटीस मागे घेतल्याचे पत्र मला आठ दिवसांनी मिळाले.

घरमालकांचा प्रश्न वेगळा असतो, हेही सांगून ठेवते. सोसायटीचे नियम आणि भाडेकरार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करारात प्राणी न ठेवण्याची अट मान्य करून सही केली असेल तर पुढे वाद अवघड होतो. माझ्या करारात याविषयी काहीच लिहिलेले नव्हते आणि म्हणून मी बचावले. ज्यांना पुनर्विकासामुळे घर सोडावे लागणार आहे त्यांनी घर बघतानाच प्राण्याचा उल्लेख करावा आणि तो करारात लिहून घ्यावा.

पत्राची सहा महिन्यांची मुदत मे महिन्यात संपली. त्या भेटीत माझे गॅड-७ चे गुण सात आले आणि गोळीचा डोस कमी करण्यास सुरुवात झाली. नवे पत्र हवे का, असे डॉक्टरांनी विचारले. मी विचार करून नको म्हटले, कारण पुढच्या आठवड्यात भाडेकराराचे नूतनीकरण होते आणि घरमालकांनी मसुद्यात स्वतःहून एक कलम घातले होते : परवानाधारकासोबत (म्हणजे भाडेकरूसोबत) 'चिंगी' ही मादी कुत्री राहील. त्यापुढे महापालिकेच्या परवान्याचा क्रमांक होता. करारावर सही करायला घरमालक घरी आले, तेव्हा ती त्यांच्या चपलांजवळ झोपली होती.