तुम्ही विचारलंत म्हणून: आईच्या खोलीत दोन रंग का?

"रंग कमी पडला का हो?" आईच्या खोलीत डोकावणारा प्रत्येक जण हेच विचारतो. दोन भिंती राखाडी निळ्या, दोन साईच्या रंगाच्या. नाही, रंग कमी पडला नव्हता. 'हल्ली असंच करतात' हे उत्तर मी बरीच वर्षं देत आले, तेही खोटं.

निळा माझा हट्ट. आईला साय हवी होती. त्या खोलीत थेट ऊन येत नाही. निळा तिथे थंड पडतो, आणि 2700 केल्विनच्या पिवळट दिव्याखाली मळका दिसतो. पण मी शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावर भाळले होते. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून, वाळवून, दिवसभर भिंतीला टेकवून बघावा, एवढंही केलं नाही. (आता ज्याला त्याला हे शिकवत असते.)

दोन भिंती झाल्या त्या संध्याकाळी आई दारात येऊन उभी राहिली.

"मातीचा रंग का लावलास गं?"

"निळा आहे, आई."

"माती आहे."

मी शेड कार्ड आणलं, तिच्या नाकासमोर धरलं आणि रंगाऱ्यादेखत म्हटलं, "वाच ना मग, काय लिहिलंय?" तिला वाचता येईना. रंगारी उगाचच ब्रश धुवायला गेला. तिने कार्डाची घडी घातली, माझ्या हातात दिली. "लाव तुला हवा तो."

उरलेल्या भिंतींना साय लागली ती शरमेपोटी.

पुढे मोतीबिंदू निघाला. त्यात डोळ्यातलं भिंग पिवळट, तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. म्हणजे तिला खरंच माती दिसत होती. मला कसं कळणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण सुईत दोरा ओवायला ती भर दुपारीसुद्धा खिडकीशी जायची, ते मी रोज बघत होते.

सध्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ती आळीपाळीने एकेक डोळा झाकून बघत बसते. नव्या डोळ्याला भिंत निळी, जुन्याला माती. साय तर नव्या डोळ्याला जवळजवळ पांढरीच. परवा म्हणाली, "बरा आहे की गं तुझा निळा." इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं, आणि ऐकून काहीच बरं वाटलं नाही.

"मग चारही निळ्या करायच्या?"

"दुसरा डोळा होऊ दे आधी."